मंदाबाईंची पट्टी

सुरतेतल्या भेस्तानच्या खानदेशी घरांत लग्न ठरलं की मंडप, आचारी आणि मंदाबाई यांची चौकशी आधी व्हायची. मंडप मिळाला नाही तर इमारतीच्या आवारात कापड ताणून भागत असे. आचारी नसला तर मावश्या-आत्या पदर खोचून पातेल्याशी उभ्या राहत. पण मंदाबाई पारोळ्याकडे माहेरी गेलेल्या असल्या, तर हळदीचा दिवस पुढे ढकलल्याचंही लोकांनी पाहिलं होतं. हळदीला गाणी हवीत, आणि गाणी म्हणजे मंदाबाई.

त्यांचा गळा उंच आणि कणखर होता. माइक त्यांनी कधी हातात घेतला नाही, घ्यायची गरजही नव्हती. लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हा काशिनाथची खोली मागांच्या कारखान्याला लागूनच होती. सकाळपासून खटखट सुरू झाली की शेजारणीशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. नव्या नवरीला माहेरची आठवण आली की ती मोठ्याने गायची. मागांच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून लाजायचंही कारण नव्हतं. वर्षानुवर्षं मागांवर मात करता करता तो गळा असा तयार झाला. काशिनाथचे कान मात्र त्याच मागांनी घेतले. आता तो मागावरून उतरून एका गोदामावर वॉचमन होता आणि घरात त्याच्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या मजल्याशी बोलण्यासारखं होतं.

मंदाबाई दिवसभर घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करत. मुलगा शुभम नोकरीपायी वापीला राहत होता. तेव्हा घरात नवरा, साड्यांचे ढीग आणि गाणं, एवढंच. त्यांना स्वतःच्या आवाजाचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. दुसऱ्या कुणी बाई हळदीत पुढे होऊन गायला लागली तर मंदाबाई पहिल्या दोन ओळी सोसत आणि तिसरीला तिच्या वरच्या सुरात शिरून गाणं आपल्याकडे ओढून घेत. बायका हसत. त्यांचा हक्कच होता तो.

एके सकाळी नितीन घरी आला. नितीन त्यांच्याच गल्लीत वाढलेला. आधी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आता नदीपलीकडे अडाजणला दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याने स्टुडिओ काढला होता. खड्यांचं ताट बाजूला सरकवून तो खालीच बसला.

"मावशी, एक अल्बम करी ऱ्हायनू. पाच गाणी शेतस. तुनं काम पडनार शे."

"माले गावानं शे?"

"हा. डमी गावानी शे."

डमी हे अल्बमचं नाव असावं, असं मंदाबाईंनी धरलं. नाव जरा विचित्र होतं, पण आजकालच्या गाण्यांची नावं तशीच असतात. नितीन जिना उतरेपर्यंत शेजारच्या सुवर्णाला कळलं होतं आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या इमारतीला, की मंदाबाई अल्बममध्ये गाणार. काशिनाथला सांगताना तर समोरच्या इमारतीलाही कळलं.

स्टुडिओत गेल्यावर नितीनने नीट समजावलं. गाणारी दुसरीच होती. तिला चाल कळावी, शब्द कुठे तोडायचा ते कळावं, म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं. ते ऐकून ती गाणार. तिचं झालं की आधीचं पुसून टाकायचं.

"पुसी टाकाचं?" मंदाबाईंनी विचारलं.

"पुसनंच पडस, मावशी. त्यालेच डमी म्हनतस."

मंदाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. नवं पातळ नेसून आल्या होत्या, वेणीत अबोली होती. परत जावं असं त्यांच्या मनात आलं, पण परत जाऊन इमारतीला काय सांगणार. त्या म्हणाल्या, "आन तुनं ते माइक."

नितीनने कीबोर्डवर सूर धरला आणि म्हणाला, पट्टी जरा खालची घेऊ या, गाणाऱ्या मुलीचा गळा कसा आहे ते अजून मला माहीत नाही. मंदाबाईंनी दोन ओळी खालच्या पट्टीत गाऊन पाहिल्या. खाली त्यांचा आवाज जाड आणि घोगरा लागत होता, कुणाही बाईचा लागावा तसा. त्यांनी मान हलवली. मंदाबाई पेटीच्या काळी पाचमध्ये, वरच्या पट्टीतच गायच्या, आणि काळी पाचमध्येच गाणार. नितीनने सूर वर नेला. आणि मग मंदाबाईंनी असं काही गायलं की नितीन पट्टीचा विषयच विसरला. काचेपलीकडे बसून तो मान डोलवत राहिला.

गाणारी मुलगी होती हेत्वी देसाई. बारडोलीची. टीव्हीवरच्या एका मालिकेत तिने दोन दोन सासवांचा छळ सोसणाऱ्या सुनेचं काम केलं होतं, आणि भेस्तानमध्ये असं घर नव्हतं जिथे तिच्यासाठी कुणी डोळे पुसले नव्हते. मालिका संपली. मोबाइलवर तिला बघणारे लाखो लोक मात्र तसेच राहिले. आता तिला स्वतःच्या आवाजात गाण्यांचा अल्बम काढायचा होता. मुंबईत पहिल्यांदा गायला उभं राहायचं तर चार जाणकार लोक हसतील, म्हणून तिने आणि तिचं काम सांभाळणाऱ्या महेशभाईंनी घराजवळ, गाजावाजा न करता, हे उरकायचं ठरवलं होतं.

ती आली तेव्हा मंदाबाई उठून उभ्या राहिल्या. टीव्हीवर उंच दिसायची, प्रत्यक्षात त्यांच्या खांद्याला लागत होती. साधा कुर्ता, केस वर बांधलेले. ती सरळ येऊन मंदाबाईंच्या पाया पडली.

"मासी, मैंने आपका गाया हुआ कल पूरा दिन सुना," ती म्हणाली. "मुझसे होगा क्या, पता नहीं." मुंबईत राहून तिला मराठी कळायचं, पण ती बोलायची हिंदीच; मंदाबाईही तिच्याशी अहिराणी सोडून साधं मराठी बोलत.

मंदाबाईंना ती आवडली, आणि आवडली याचा थोडा रागही आला. मालिकेतली पोर समोर उभी राहून मासी म्हणते आहे म्हटल्यावर रुसून राहणं अवघड झालं. पण हेत्वीने गायला सुरुवात केली आणि त्यांचं मन एकदम हलकं झालं. मुलीला वरचा सूर लागतच नव्हता. वर जाताना आवाज बारीक व्हायचा, कापायचा आणि मधेच तुटायचा. काचेपलीकडच्या कोचावर बसलेल्या मंदाबाईंनी पदराने तोंड टिपलं. चेहऱ्यावरचं हसू कुणाला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या गाण्यापासून त्या जरा जास्तच खुलल्या. जिथे साधी ओळ होती तिथे त्यांनी मुरकी घातली. ओळीच्या शेवटी सूर सोडायच्या ऐवजी तो वळवून, गिरकी देऊन खाली आणला. नितीन म्हणाला, "मावशी, सरळ गाय. तिले कसं जमनार?" त्यावर त्या म्हणाल्या, माझ्या गळ्याची सवयच तशी आहे. ती सवय नव्हती हे त्यांना ठाऊक होतं, आणि नितीनलाही असावं. पण ते गाणं इतकं सुरेख होत होतं की तो पुढे बोलला नाही.

दिवस जात राहिले. मंदाबाई सकाळी खडे चिकटवून दुपारी सिटी बसने अडाजणला जायच्या. चार गाणी कशीबशी पुढे सरकली, म्हणजे हेत्वीच्या आवाजाला मशीनने ठोकून-ठाकून जागेवर बसवलं. पाचवं गाणं हळू होतं आणि तिथे मशीनचं काही चालेना. त्या गाण्याचं नाव होतं 'चाबी'. एक मुलगी कामावरून आपल्या फ्लॅटवर येते, दार उघडायला आत कुणी नसतं, ती स्वतःच्या किल्लीने दार उघडते, एवढंच गाणं. किल्लीवर कुणी गाणं लिहितं का, असं मंदाबाईंना वाटायचं. पण चाल गोड होती आणि त्यात गळा फिरवायला जागा भरपूर होती. त्यांनी ती सगळी वापरली.

हेत्वी त्या गाण्यापाशी अडली ती अडलीच. एकदा गाता गाता ती थांबली, हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर गेली. त्या दिवशी महेशभाईंनी मंदाबाईंना चहाला बसवलं. महेशभाई माणूस वाईट नव्हता. हेत्वीच्या कामाची त्याला खरोखर काळजी होती, आणि अल्बमची तारीख त्याने लोकांना देऊन ठेवली होती.

"मंदाबेन, तमे एवुं सरस गायुं छे," तो म्हणाला, आणि मग त्यांना नीट समजावं म्हणून हिंदीवर आला. "मैं सोचता हूँ, यही रहने दें. आवाज आपकी, नाम हेत्वी का. पैसों का अच्छे से समझ लेंगे. बाहर किसी को पता नहीं चलेगा."

मंदाबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हणाल्या. पण बसमध्ये खिडकीशी बसून पूल ओलांडताना त्या मनातून खूश होत्या. नाव नसलं तर नसलं, आवाज तर राहणार होता. रिक्षात, दुकानात, लोकांच्या मोबाइलवर त्यांचा आवाज वाजणार होता.

घरी आल्यावर त्यांना काशिनाथला सांगायचं होतं, आणि त्या घरात गुपित सांगायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी दार लावलं, पंखा जोरात केला आणि त्याच्या डाव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. काशिनाथ जेवत होता. भाकरीचा तुकडा आमटीत भिजवून तो सावकाश म्हणाला,

"म्हंजे आवाज तुना, नाव तिनं."

"हा."

"मंग हळदमा तू गाशी तवय लोक म्हनतीन, मंदा त्या पोरनी नक्कल करस."

मंदाबाईंनी याचा विचारच केला नव्हता.  काशिनाथ पाणी प्यायला, त्याने ताटात हात धुतला आणि तो विषय त्याच्या लेखी संपला.

दुसऱ्या दिवशी त्या बऱ्याच आधी स्टुडिओत पोहोचल्या. नितीन अजून आला नव्हता, दार मात्र उघडं होतं. मागच्या गॅलरीतून आवाज येत होता. आधी त्यांना वाटलं आपलीच डमी वाजते आहे. मग कळलं, हेत्वी गात होती. कठड्याला टेकून, कानात इयरफोन घालून, 'चाबी'तली एकच ओळ ती परत परत म्हणत होती. ज्या ओळीच्या शेवटी मंदाबाईंनी मुद्दाम गिरकी घातली होती, तीच. गिरकी पहिल्या वळणाला फसायची, ती थांबायची, पुन्हा सुरू करायची. दोन ओळींच्या मध्ये मंदाबाईंना घसा खाकरायची सवय होती, ती डमीतही आली होती. हेत्वी प्रत्येक वेळी त्या जागी अलगद खाकरत होती. तिला तोही गाण्याचा भाग वाटला होता.

 मंदाबाईंनी जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी दचकली.

"काय करतेस बेटा?"

"प्रॅक्टिस." तिचे डोळे लाल होते. "महेशभाई कहते हैं आप गा देंगी, मेरा नाम लगा देंगे. मैंने बोला, मुझे थोड़ा और टाइम दो. मासी, कल को स्टेज पर गाना पड़ा तो मैं क्या करूँगी? मुँह हिलाऊँगी?"

"ते खाकरतेस ते गाण्यात नाही," मंदाबाई म्हणाल्या. "तो माझा घसा आहे."

हेत्वी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती रडायलाही लागली. मंदाबाईंनी तिला पदराचं टोक दिलं. आपण घातलेल्या मुरक्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तेवढं धैर्य त्यांना त्या वेळी झालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आज गाऊ नको. उद्या दुपारी आमच्याकडे सुवर्णाच्या मुलीची हळद आहे. ये. शिकायला नको येऊ, नुसती बस."

हेत्वी आली, डोक्यावरून ओढणी घेऊन, रिक्षाने. लपून राहणं अर्थातच शक्य नव्हतं. तिने चप्पल काढली तोच सुवर्णाच्या हातातली हळदीची वाटी हिंदकळली, मुली मोबाइल घेऊन धावल्या, आणि एका म्हातारीने पुढे होऊन तिच्या गालावरून हात फिरवत विचारलं, "आते तुन्या सासवा बऱ्या वागतस ना वं माय?" शेवटी मंदाबाईंनी आवाज चढवला. मोबाइल आत गेले आणि बायका गोल करून बसल्या.

हळदीची गाणी मंदाबाईंनी सुरू केली. त्या ओळ सांगायच्या आणि बायका ती उचलायच्या. हेत्वीला अहिराणी कळत नव्हती. ओठ हलवत, शेजारणीच्या तोंडाकडे बघत ती कशीबशी सोबत जात होती. नवरीला हळद लावायला मंदाबाईंना उठावं लागलं, तेव्हा सुवर्णाची सासू पुढे झाली. म्हातारीला दमा होता, ती खालच्या सुरात, बसल्या जागी बोलल्यासारखं गायची. एरवी मंदाबाईंनी तिसऱ्या ओळीला गाणं काढून घेतलं असतं. आज हात हळदीने भरलेले होते आणि नवरी लाजून मान वळवत होती, म्हणून गाणं म्हातारीकडेच राहिलं.

आणि त्या खालच्या सुरात मंदाबाईंना एक नवा आवाज ऐकू आला. भरलेला, गोल, थोडासा दाणेदार. तव्यावर भाकरी टम्म फुगावी तसा तो बायकांच्या घोळक्यातून वर आला होता. त्यांनी वळून पाहिलं. हेत्वी डोळे मिटून, टाळी वाजवत, न कळणारे शब्द मोकळेपणी गात होती. आवाज कुठे कापत नव्हता की तुटत नव्हता.

मंदाबाईंचा हात नवरीच्या गालावर तसाच थांबला. नितीनने पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं आणि आपण मान का हलवली होती, हे त्यांना आठवलं. मुलीला गाता येत नव्हतं असं नाही. इतके दिवस ती मंदाबाईंच्या गळ्यात गात होती.

हळद उरकल्यावर त्यांनी नितीनला फोन लावला. "नितीन, पट्टी उतार. काळी तीनवर ये."

"मावशी, मी पहिल्या दिवशीच म्हनेल व्हतं."

"तू म्हनेल व्हतं. मी आयकं नही. आते उतार. डमी मी पुन्हा गास."

नितीन वैतागला. गिटार पुन्हा वाजवावं लागणार होतं, महेशभाईंना काय सांगायचं हा प्रश्न होता. पण फोन ठेवायच्या आधी तोच म्हणाला की 'चाबी' खाली घेतली तर खरोखर छान लागेल, हे त्याच्या बरेच दिवस मनात होतं.

खाली गायचं म्हणजे मंदाबाईंना सराव हवा होता. रविवारी त्या खडे चिकटवता चिकटवता 'चाबी' म्हणत होत्या, कसलीही मुरकी न घालता, बोलल्यासारखी. आवाज घोगरा येत होता आणि त्यांना स्वतःलाच तो आवडत नव्हता. काशिनाथ खाटेवर पडला होता. तो उठून बसला आणि त्यांच्याजवळ येऊन खाली बसला.

"काय व्हयनं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"काही नही. गाय तू." मग म्हणाला, "वरलं माले कर्रर्र आयकू येस. शब्द समजतस नही. आज पुरं समजनं. कोनीच नही का तिना घरमा?"

इतक्या वर्षांत, इतक्या हळदींमध्ये, नवरा आपलं गाणं असं ऐकत होता हे मंदाबाईंना ठाऊक नव्हतं. तो मान डोलवायचा, म्हणून त्यांना वाटायचं त्याला ऐकू येतं. त्यांनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. काशिनाथने ते संपेपर्यंत ऐकलं आणि मग कुलूप-किल्लीपेक्षा कडी बरी, असं आपलं मत दिलं.

महेशभाईंना सांगायचं काम मंदाबाईंनी स्वतःकडे घेतलं. हेत्वी आणि नितीन दोघंही तिथेच होते. महेशभाईंनी पुन्हा तारखेची गोष्ट काढली, लोक काय म्हणतील ते काढलं.

"शेठ," मंदाबाई म्हणाल्या, "माझा आवाज फार मोठा आहे. हिच्या तोंडात मावायचा नाही. कुणीही ओळखेल."

नितीनने मान खाली घातली, हसू दाबायला. महेशभाईंनी हेत्वीकडे पाहिलं. हेत्वी म्हणाली, "मैं गाऊँगी. बुरा लगेगा तो मेरा लगेगा." तो म्हणाला, ठीक आहे, पण सगळं लवकर करा.

मंदाबाईंनी पाचही गाणी खालच्या पट्टीत पुन्हा गाऊन ठेवली. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात साधं गाणं होतं. नितीनने मान डोलवली नाही, फक्त ठीक आहे अशी खूण केली. मग हेत्वी माइकसमोर उभी राहिली. तिने मंदाबाईंना काचेच्या आत, आपल्याजवळ बसायला सांगितलं. पहिल्या गाण्यात ती अडखळली, तेव्हा मंदाबाईंनी तिला श्वास कुठे घ्यायचा ते हाताने दाखवलं. ओळ संपल्यावर नाही, संपायच्या जरा आधी. शब्द ओढू नकोस, आईशी फोनवर बोलतेस तसा म्हण.

'चाबी'च्या आधी हेत्वीने पाणी मागितलं. म्हणाली, मुंबईत मी राहते ना मासी, तिथे दार मलाच उघडावं लागतं, म्हणून हे गाणं लिहून घेतलं. मंदाबाईंनी विचारलं, शेजारी कुणी नाही? आहेत म्हणाली, पण नावं माहीत नाहीत. मंदाबाईंना हे खरं वाटेना. मग हेत्वीने ते गाणं गायलं. मंदाबाईंनी ते एवढ्या वेळा म्हटलं होतं, आणि ते इतकं एकटं आहे हे त्यांना आत्ता कळत होतं. गाण्यात दोन जागी सूर किंचित खाली राहिला. नितीनने मशीनकडे हात नेला. मंदाबाई म्हणाल्या, राहू दे.

निघताना नितीनने विचारलं, आधीच्या डमी आता पुसू ना. मंदाबाई दारात थांबल्या.

"काळी पाचमधली चाबी माले मोबाइलवर धाड. मंग पुस."

त्या काही साध्वी नव्हत्या.

अल्बम आला. फार गाजला असं नाही आणि पडला असंही नाही. काहींनी लिहिलं, हिने मालिकाच करावी. नाचाच्या गाण्यावर पुष्कळ मुलींनी व्हिडिओ केले. 'चाबी' मात्र सावकाश पसरत गेली. घरापासून दूर, खोल्या करून राहणाऱ्या मुली ती एकमेकींना पाठवू लागल्या. भेस्तानच्या इमारतीत जिन्यावर बायका जमल्या, सुवर्णाने मोबाइलचा आवाज मोठा केला, पाचही गाणी ऐकून झाली, आणि मग सगळ्यांनी मंदाबाईंकडे पाहिलं.

"तुना आवाज कोठे शे वं?" सुवर्णाने विचारलं.

मंदाबाईंनी उत्तर बरेच दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. मशीन बिघडलं, सांगायचं, किंवा दुसऱ्या अल्बमला आहे, सांगायचं. पण त्या म्हणाल्या, "मना आवाज नही. मी फक्त तिले शिकाडं."

"म्हंजे आमले खोटं सांगं."

"माले तवय समजनं नव्हतं."

बायकांनी त्यांना महिनाभर चिडवलं. कुठेही काही हरवलं की, डमी असेल, पुसून टाकली, असं म्हणायच्या. मंदाबाई आधी चिडल्या, मग त्याही हसू लागल्या. हळदीला मात्र त्या आता म्हाताऱ्यांना अधूनमधून अख्खं गाणं म्हणू देऊ लागल्या. अधूनमधूनच.

हिवाळ्यात हेत्वीचा पहिला स्टेज कार्यक्रम बारडोलीला ठेवला होता, तिच्याच गावात. तिने गाडी पाठवली. काशिनाथने इस्त्रीचा शर्ट घातला, मंदाबाईंनी दोन डबे भरून शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेतल्या. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. हेत्वीच्या आईने, मीनाबेनने, त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्यांचा हात धरला तो सोडला नाही. तिचा तळवा घामाने ओला होता.

हेत्वीने चार गाणी म्हटली. लोक ओरडत होते, शिट्ट्या वाजत होत्या. 'चाबी' सुरू झाली तेव्हा थोडं शांत झालं. मशीन नव्हतं, पुसायची सोय नव्हती. ती गायली. मधल्या कडव्यात तिचा श्वास जरा लवकर संपला. मंदाबाईंनी नकळत स्वतःच श्वास आत ओढला, आणि मीनाबेनने त्यांच्याकडे पाहिलं. मग हेत्वीने सूर सावरला आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. स्टेजवरून तिने आईवडिलांचे आभार मानले, महेशभाईंचे मानले, गावाचे मानले. मंदाबाईंचं नाव घ्यायचं ती विसरली. काशिनाथला ऐकू आलं नाही म्हणून त्याने बायकोला विचारलं, "तुनं नाव लिधं का?" मंदाबाईंनी हो अशी मान हलवली.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागे पुष्कळ गर्दी होती. हेत्वी फोटो काढून घेणाऱ्यांमधून वाट काढत, घागरा दोन्ही हातांनी उचलून धरत, थेट त्यांच्यापाशी आली. पाया पडली नाही, नमस्कार केला नाही. धापा टाकत तिने आधी तेच विचारलं.

"मासी, बीच वाला अंतरा. साँस टूटी ना?"

भोवती माणसं उभी होती. मीनाबेन कौतुकाने बघत होती. मंदाबाईंनी हेत्वीच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"तुटली," त्या म्हणाल्या. "घाई केलीस. उद्या सकाळी फोन कर, तेवढंच दोनदा म्हणून घेऊ."

हेत्वीने मान डोलवली. मग मंदाबाईंच्या पिशवीकडे बघून तिने विचारलं, डब्यात काय आहे, आणि तिथेच एका खुर्चीवर बसून ती चटणी-भाकरी खाऊ लागली.